बिनलेबलाची डबी

दिवाळीच्या साफसफाईत लेकीच्या दप्तरात एक डबी सापडली. पांढरी, लाल झाकणाची, बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी. लेबल नाही, किंमत नाही, पत्ता नाही. झाकणावर मार्करने नुसतं 'नाइट' लिहिलेलं. लेक नववीत आहे. विचारलं तर म्हणाली, "पार्लरवाल्या काकूंकडची आहे. आठ दिवसांत रंग उजळतो." मी ओरडणार होते, पण गप्प बसले. 'उन्हात भटकू नकोस, काळी होशील' हे वाक्य तिनं माझ्याच तोंडून ऐकलंय, तेही कैक वेळा.

अकोल्याची बातमी तुमच्यापैकी काहींना आठवत असेल, २०२३च्या सुरुवातीची. बायोटेक्नॉलॉजी शिकणारी विशीतली मुलगी, तिची आई आणि बहीण, एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं बिघडली. तिघी एकच क्रीम लावत होत्या, ओळखीच्या ब्युटिशियनकडून घेतलेलं. मुंबईच्या केईएममध्ये त्याची तपासणी झाली आणि त्यात पारा सापडला. मुलीचा चेहरा उजळलेला पाहून आईनंही लावायला घेतलं होतं. मला तेच वाचून चर्र झालं. मीही तेच केलं असतं.

पाऱ्यानं रंग उजळतो हे खोटं नाही, आणि खरी पंचाईत तिथंच आहे. त्वचेला सावळेपण देणारं मेलॅनिन तयार होण्याची क्रियाच तो रोखतो. क्रीम खोटं निघालं असतं तर चार दिवसांत फेकून दिलं असतं. हे गुण देतं, म्हणून लावत राहतो. आणि मग पारा त्वचेतून रक्तात जातो, मूत्रपिंडांत साचतो. लघवीला फेस येणं, सकाळी डोळ्यांखाली किंवा पायांवर सूज दिसणं, ही त्याची लक्षणं असू शकतात. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांना २०२१ ते २०२३ या काळात असेच रुग्ण भेटत गेले. लघवीतून प्रथिनं जाणाऱ्या एका विशिष्ट विकाराचे पंधरा रुग्ण, आणि त्यातले तेरा जण गोरेपणाची क्रीमं लावणारे.

कायदा आपल्या बाजूचा आहे बरं का. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं मालाचा दर्जा, शुद्धता, किंमत जाणून घेण्याचा हक्क दिलाय. सौंदर्यप्रसाधनांच्या २०२० सालच्या नियमांप्रमाणे अशा क्रीममध्ये पारा मुद्दाम घालायला बंदी आहे. नकळत आलाच, तरी दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. वेष्टनावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच नंबर, परवाना क्रमांक, कधीपर्यंत वापरायचं ते आणि वेष्टन अगदी लहान नसेल तर घटकांची यादी हवी. हे सगळं छापील डबीला. 'नाइट' लिहिलेल्या डबीला कोण विचारणार?

आपणच. पण आपण विचारत नाही, कारण भीड. मॉलमधल्या बाटलीची पाठ आपण चष्मा लावून वाचतो. ओळखीच्या बाईनं दिलेली डबी मात्र हसून पर्समध्ये टाकतो. तिला 'यात काय आहे?' विचारलं तर तिला वाईट वाटेल! भीड भिकेची बहीण, असं आजी म्हणायची. इथं तर ती किडनीपर्यंत जातेय.

एक खूण सांगून ठेवते. 'सोन्या-चांदीला लागू देऊ नका' अशी सूचना क्रीमवर असेल किंवा देणारीनं तोंडी दिली असेल, तर ते तिथंच ठेवून या. पारा सोन्याला लागला की सोनं पांढरं पडतं, हे कुठलाही सोनार सांगेल. घटकांत कॅलोमेल, मर्क्युरिक किंवा मर्क्युरिओ असा शब्द दिसला तरी तेच. अशी डबी घरात निघाली तर केराच्या बादलीत टाकू नका. पिशवीत बांधून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. आणि मूल असं क्रीम लावत असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. मुलं आपणहून सांगत नाहीत. त्यांना लाज वाटते. आपण रंगावरून बोललेलो असतो ना.

त्या पार्लरमध्ये मी गेले. भांडायला नाही. डबी टेबलावर ठेवली आणि विचारलं, "यात काय आहे हो?" ती बाई गोंधळली. म्हणाली, "ताई, मलाही नाही माहीत. एक माणूस मोठ्या डब्यातून आणून देतो, मी भरते. मी स्वतः पण लावते." तिनं बाही वर केली. कोपरापर्यंतचा हात एका रंगाचा, वरचा दुसऱ्या. मला तिचा राग येईना. तिलाही लघवी तपासून घ्यायला सांगून आले.

लेकीला हे सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, उठून बाथरूममध्ये गेली आणि माझ्या काळ्या मेंदीचं पाकीट घेऊन आली. पाठीवरचं अडखळत वाचलं, "पॅरा-फेनिलीन-डायमाइन. आई, ही मेंदी आहे का?" खाली बारीक अक्षरात इशाराही होता, काहींच्या त्वचेला त्रास होऊ शकतो, आधी थोडी लावून पाहा म्हणून. दहा वर्षं मी ते पाकीट दातांनी फाडतेय.

"चष्मा दे," मी म्हटलं.