आधी भाकर, मग प्रश्न

अभ्यासासाठी शास्त्रभाग : १ राजे १९:१-९, मत्तय १२:४३-४५



व्यसन म्हटले की आपल्या मंडळ्यांमध्ये दारूचाच विचार होतो. हा पाठ गोळ्यांविषयी आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी-टॉवेलचे यंत्रमाग आहेत, गाठी उचलणारे हमाल आहेत, आणि त्यांच्यात आपल्या पारधी वस्त्यांमधले तरुणही आहेत. पाळीभर उभे राहून कंबर धरते. मग बरोबरचाच कोणीतरी एक गोळी देतो. ट्रामाडॉल हे अफूसारखेच काम करणारे वेदनाशामक आहे. खोकल्याच्या काही औषधांत असते ते कोडीन आणि गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, हीसुद्धा त्याच घराण्यातली. २०१८ पासून ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले आहे. ते चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, तरी मिळते. सुरुवातीला कंबर थांबते. पुढे गोळी नसली तर माणूस उभाच राहू शकत नाही.

हे चार-दोन पोरांचे खूळ आहे असे समजू नये. केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये आला. अफूच्या जातीच्या पदार्थांमुळे मदतीची गरज असलेले देशात सुमारे ७७ लाख लोक असावेत, असा त्यात अंदाज आहे. महाराष्ट्राने हे आधीही पाहिले आहे. १९८० नंतरच्या वर्षांत पुण्या-मुंबईत गर्द पसरली, डॉ. अनिल अवचटांनी त्यावर लिहिले, आणि १९८६ मध्ये त्यांनी व डॉ. अनिता (सुनंदा) अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने पुण्यात मुक्तांगण सुरू केले. अंगातली 'टर्की' काही दिवसांत उतरते, पण त्यानंतर व्यसनाशिवाय दिवस कसा काढायचा हे शिकावे लागते, आणि ते एकट्याने शिकता येत नाही. मुक्तांगणचे काम याच समजुतीवर उभे आहे.

आता शास्त्रभागाकडे वळू. कर्मेल डोंगरावर एलीयाचा मोठा विजय झाला होता. ईजबेलची एक धमकी आली आणि तो पळाला, झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. देवाने काय केले ते क्रमाने पाहा. पाचव्या ते आठव्या वचनांत झोप, भाकर, पाणी, पुन्हा झोप आणि पुन्हा भाकर आहे. एलीया येथे कशासाठी आला, हा प्रश्न देव नवव्या वचनात विचारतो, आणि तोही चाळीस दिवसांची वाट चालून झाल्यावर. आपण मात्र तो प्रश्न चौथ्या वचनातच विचारतो. माणूस अंथरुणात कुडकुडत असतो आणि आपण भोवती बसून म्हणतो, "तू असं का केलंस? लेकरांचा तरी विचार करायचा होता."

गोळी बंद झाल्यावर साधारण दिवसभरात नाक-डोळे गळू लागतात. जांभया, जुलाब आणि अंगदुखी सुरू होते, झोप उडते. दुसरा-तिसरा दिवस सर्वांत वाईट असतो. आठवड्याभरात बराचसा त्रास ओसरतो, पण निद्रानाश आणि चिडचिड कित्येक आठवडे राहते. टॉवेलच्या कारखान्यात काम करणारा वस्तीतला एक भाऊ मला म्हणाला, "ताई, हाडं आतून कुणी पिळतंय असं वाटतंय." त्या घटकेला त्याला उपदेश ऐकू जात नाही. त्याला डॉक्टर, पेज, पाणी आणि शेजारी बसणारे माणूस लागते.

डॉक्टर अनेकदा जिभेखाली ठेवायची बुप्रेनॉर्फिनची गोळी देतात. तिने तडफड थांबते आणि माणूस कामावर जाऊ शकतो. ती कधी सुरू करायची, किती द्यायची आणि किती महिने चालवायची, हे डॉक्टरच ठरवतात. प्रार्थनासभेत यावर हमखास कोणी विचारते की, गोळी सोडायला गोळी घ्यायची तर विश्वास कुठे राहिला? माझे मत स्पष्ट आहे. एलीयाची भाकर देवदूताने आणली, तरी ती भाकरच होती आणि त्याला ती खावी लागली. विश्वासाच्या नावाने कोणाचे औषध बंद करण्याचा अधिकार पाळकांना नाही, मला नाही, आईलाही नाही. औषध तोडले आणि माणूस पुन्हा जुन्या पदार्थाकडे गेला तर धोका दुप्पट असतो. मधल्या काळात शरीराची सवय गेलेली असते, त्यामुळे पूर्वीच्याच मात्रेने श्वास थांबू शकतो. औषधावर असताना दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेणेही तितकेच घातक आहे. भेसळीच्या ताडीत क्लोरल हायड्रेट मिसळलेले असते, म्हणून तीही नको. माणूस हलवूनही जागा होत नसेल आणि श्वास मंद लागत असेल, तर त्याला कुशीवर करा आणि १०८ ला फोन लावा. सकाळपर्यंत उतरेल म्हणून थांबू नका.

शरीर जरा सावरले की वागण्याचा भाग येतो, आणि खरे कष्ट येथे आहेत. मी उल्लेखिलेल्या भावाच्या घरच्यांची खात्री होती की पगाराचा दिवसच वाईट. आम्ही महिनाभर एक वही ठेवली. तल्लफ कधी आली, त्याआधी काय झाले, शेवटचे कधी खाल्ले, एवढेच त्याने लिहायचे. लिहिता येईना तेव्हा त्याची मुलगी लिहून घेई. वही वेगळेच बोलली. ओढ यायची ती रात्रपाळी सुटल्यावर, कारखान्याचे फाटक ते रिक्षाथांबा एवढ्या वाटेवर. पोट रिकामे, अंग दुखलेले, बोलायला कोणी नाही, आणि गोळी देणारा नेमका तिथेच उभा. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा ही चार नावे व्यसनमुक्तीच्या सभांमध्ये नेहमी ऐकू येतात. त्याच्या वहीत चारही होती.

पाचवी गोष्ट वस्तीची होती. पोलीस चौकशीला आले की त्या दिवशी तल्लफ ठरलेली, मग ते त्याच्यासाठी आलेले असोत वा नसोत. हा ताण एका माणसाचा नाही. १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणाआड ठेवले गेले, आणि एके काळी तो कारभार मिशनच्या माणसांनीही पाहिला. ३१ ऑगस्ट १९५२ ला ते कुंपण कायद्याने गेले, पण 'सेटलमेंट' हे नाव शहरातल्या पत्त्यांमध्ये अजून आहे. कोंडून वर्तन सुधारत नाही, हे आपल्या शहराइतके कोणाला ठाऊक असावे? म्हणून कोणी साखळी लावून व्यसन सोडवतो असे सांगितले तर तिथे जाऊ नका. मानसिक आजाराच्या रुग्णाला साखळीने बांधणे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मना आहे, आणि त्या कायद्यात व्यसनाचाही समावेश आहे. दवाखान्यात गेलो तर पोलिसांत नाव जाईल, ही भीतीही वस्तीत खोल आहे. उलट, केवळ सेवनासाठी किंवा अल्प प्रमाणासाठी खटला झालेला माणूस स्वतःहून उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल, तर अमली पदार्थांच्या कायद्यातील कलम ६४-अ त्याला संरक्षण देते.

मत्तयाच्या बाराव्या अध्यायातले घर झाडलेले होते, सजवलेले होते, पण रिकामे होते. म्हणून निघून गेलेला परत आला, आणि सात जणांना घेऊन आला. गोळी जे काम करत होती ते दुसऱ्या कशाला तरी द्यावेच लागते. त्या भावाने वाट बदलली, दुसऱ्या फाटकाने निघू लागला. कारखान्यातून बाहेर पडण्याआधीच डब्यातली राखून ठेवलेली भाकरी खायची, हे त्यानेच ठरवले. कंबरेसाठी सिव्हिलमध्ये दाखवून व्यायाम शिकला. मुकादमाला भेटून दिवसपाळी मागितली. कारण कंबरेचेच सांगितले, जे खरेही होते. बाकीचे सांगायचे की नाही, हे त्याचे त्याने ठरवायचे. आणि तल्लफ आलीच तर तिच्याशी झुंजायचे नाही. तोंड धुवायचे, श्वास सावकाश सोडायचा, चालत राहायचे आणि फोन लावायचा. बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत लाट उतरू लागते.

दोन महिन्यांनी त्याने एकदा घेतली. घरात रडारड झाली. वहिनी म्हणाल्या, "सगळं पाण्यात गेलं." तोच म्हणाला, "मागावर धागा तुटला तर माग थांबवून गाठ मारतो आम्ही. बीम फेकून देत नाही." दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरांकडे गेला आणि जे घडले ते सांगितले. वहीत ती तारीखही आहे, आणि तिच्यापुढे लिहिले आहे : आदल्या रात्री जेवलो नाही.

गटाने पुढच्या सभेपूर्वी एवढे करावे. शास्त्रभाग मोठ्याने वाचून, देवाने एलीयाला प्रश्न विचारण्याआधी काय काय दिले ते मोजावे. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे; तो क्रमांक प्रत्येकाने फोनमध्ये घालून घ्यावा. आणि रात्रपाळी सुटते त्या वेळी आपल्यापैकी कोण जागे असते, कोणाच्या घरी चहा ठेवलेला असतो, त्यांची नावे कागदावर लिहून उपचार घेणाऱ्या घरी द्यावीत.