मीटरमागचा दिवा

रात्री मुखेडहून नांदेडला जुन्या जीपने जाताना चालकासमोरचे मीटर पाहा. वेग किती, डिझेल किती, इंजिन किती तापले, हे काटे सांगतात. मीटरमागचा बल्ब गेला, तर काटे अंधारात दिसत नाहीत.

या बल्बमध्ये टंगस्टनची बारीक तार असते. ती तापून उजेड देते. धक्के बसून ती तुटते. एलईडीत अशी तार नसते. म्हणून तो जास्त टिकतो आणि वीजही कमी घेतो. डोळ्यांना दिसणारा तांबडा उजेड देणारा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ साली तयार केला.

हा बदल मोठ्या माणसांच्या मदतीने घरी करता येतो. आधी बॅटरीच्या ऋण टोकाची तार काढा. मीटर सोडवा. होल्डर फिरवून बल्ब काढा. बॅटरी १२ व्होल्टची असेल, तर एलईडीही १२ व्होल्टचाच घ्या. तार जोडून पाहा. पेटला नाही, तर तार पुन्हा काढून एलईडी उलटा बसवा.

मात्र बॅटरीचे चित्र असलेला तांबडा दिवा बदलू नका. अनेक जुन्या गाड्यांत त्या बल्बमधून जाणाऱ्या विजेनेच अल्टरनेटर काम सुरू करतो. एलईडीतून तेवढी वीज जात नाही. मग बॅटरी भरत नाही आणि गाडी वाटेतच बंद पडू शकते.

जुनी वस्तू कोणते काम करते, हे समजून घ्या. मगच ती बदला.

शब्दार्थ : ऋण टोक – वजा चिन्ह असलेले टोक. अल्टरनेटर – गाडीत वीज तयार करणारे यंत्र.

प्रश्न : कोणता दिवा बदलू नये? का?