परसबागेतील भाजीपाल्याच्या रोपांची ओळख

परसबागेत जागा थोडी असल्यामुळे वांगी, मिरची व टोमॅटो यांचे बी एकाच वाफ्यात टाकण्याचा प्रघात पुष्कळ ठिकाणी आढळतो. जोराच्या पावसाने बी वाहते, कोंबड्या माती उकरतात, आणि महिन्याभराने कोणते रोप कशाचे हे पेरणाऱ्यासही सांगता येत नाही. मग मिरची समजून जवळजवळ लावलेली वांग्याची रोपे वाढून एकमेकांत दाटतात. ही चूक बहुधा फुले आल्यावर लक्षात येते. तोवर लागणीची वेळ निघून गेलेली असते. म्हणून रोपे उपटण्यापूर्वीच त्यांची ओळख पटविली पाहिजे.

बी उगवल्यावर प्रथम दिसणारी दोन पाने ही बीजदले होत. वरील तिन्ही पिकांची बीजदले लांबट व बरीचशी सारखी असतात. त्यांवरून निर्णय करू नये. त्यानंतरची दोन-तीन खरी पाने येईपर्यंत थांबावे व पुढील लक्षणे तपासावीत.

टोमॅटो.— पानाची कड खोल कातरलेली असते. खोडावर बारीक लव असते. पान चुरडल्यास टोमॅटोचा उग्र वास येतो. ही खूण सर्वांत सोपी आहे.

मिरची.— पान अखंड कडेचे, टोकदार, गुळगुळीत व चकचकीत असते. चुरडल्यास टोमॅटोसारखा वास येत नाही.

वांगी.— पान रुंद, निस्तेज व स्पर्शाला मखमलीसारखे लवदार असते. कड किंचित नागमोडी असते. काही जातींत देठ व खोड जांभळट दिसते.

धोत्रा.— हे तण वांगी-मिरचीच्याच कुळातील असल्याने लहानपणी फसवते. पान चुरडल्यास घाणेरडा वास येतो. धोत्र्याचे सर्व भाग विषारी आहेत. असे रोप मुळासकट उपटून टाकावे व हात धुवावेत. तांदुळजा, माठ इत्यादी पालेभाज्या खुडताना त्यांत धोत्र्याचा कोवळा पाला मिसळणार नाही याची विशेष काळजी घ्यावी. ओळख न पटलेले पान स्वयंपाकघरात नेऊ नये.

कोबी, फुलकोबी व नवलकोल.— यांचे बी सारखे आणि बीजदलेही सारखीच, मध्ये खाच असलेली असतात. मुळा व मोहरी यांची बीजदलेही तशीच दिसतात. परंतु त्यांची खरी पाने खरखरीत व लवदार, तर कोबीवर्गाची गुळगुळीत असतात. पुढे कोबीचे पान रुंद व गोलसर, फुलकोबीचे लांबट, आणि नवलकोलचे बारीक लांब देठाचे दिसते. तथापि जातीपरत्वे फरक पडत असल्याने केवळ पानांवरून खात्री धरू नये.

यावर खरा उपाय पेरणीच्या दिवशीच करावयाचा असतो. प्रत्येक भाजीसाठी निराळी ओळ आखावी, दोन ओळींत सुमारे १० सेंटिमीटर अंतर ठेवावे आणि ओळीच्या टोकाला नाव लिहिलेली बांबूची खुंटी रोवावी. खुंटी हरवण्याचा संभव असल्यामुळे ओळींचा क्रम वहीतही नोंदवावा. याचा आणखी एक लाभ आहे. टोमॅटोची रोपे साधारणपणे ४ आठवड्यांत, तर वांगी व मिरचीची ५ ते ६ आठवड्यांत लागणीस येतात. ओळी निराळ्या असल्यास एकाची रोपे काढताना दुसऱ्याची मुळे दुखावत नाहीत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक जातीचे एकेक रोप घेऊन घरोघरच्या स्त्रियांना व शाळेतील मुलांना ही लक्षणे प्रत्यक्ष दाखवावीत. परसबागेची देखरेख बहुतांशी त्यांच्याच हाती असते. एकदा पान हाताळून पाहिलेला माणूस पुन्हा सहसा फसत नाही.