फोन बाहेर जाऊन घेतोस म्हणे

कबनूर,
रविवार

चि. बाळास आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या होस्टेलवरचा आपल्या गल्लीतला पोरगा सुट्टीला आलाय. त्याच्या आईनं गिरणीत दळणाच्या रांगेत सांगितलं, की दादाचा फोन आला की तू उठून जिन्यात जातोस. आणि पोरांना सांगतोस, ‘वडलांचा टेक्स्टाइलचा बिझनेस आहे.’ खोटं असलं तर देव पावला. पण खरं असलं तर?

टेक्स्टाइल म्हणे! दादा दुसऱ्याच्या शेडात बारा तास माग चालवतो, पिकावर मजुरी घेतो. धोट्याच्या खडखडाटात शेजारच्याला हाक मारायची तरी कानाशी तोंड न्यावं लागतं. तोच आवाज घरी येतो. त्याची लाज?

आणि ‘झोंबी’वर भाषण करून बक्षीस तूच आणलंस ना? आनंद यादवांच्या कागलच्या बापावर टाळ्या घ्यायच्या आणि आपला बाप फोनवर आला की जिना गाठायचा? शेजारच्या पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांच्या कथांतली माणसं आपल्यासारखीच बोलतात. ती तुम्ही पुण्यात कौतुकानं ऐकता.

ते ‘झोंबी’ पुस्तक आपल्या घरात कसं आलं, तुला ठाऊक नसंल. दादाला आमच्या वडलांनी, अण्णांनी, आठवीतून काढून कांड्या भरायला बसवलं होतं. तरी सुट्टीच्या दिवशी तो सायकलवरनं इचलकरंजीला, आपटे वाचन मंदिरात जायचा, माझ्यासाठी. ‘झोंबी’ १९८७ ची, तेव्हा नवीकोरी. रात्री मी मोठ्यानं वाचायची, अण्णा भिंतीला टेकून ऐकायचे. बाप पोराची शाळा बंद करतो तिथं आले आणि अण्णा उठले. “पुरं आता, झोप येती.” दादा खाली मान घालून बसलेला. मी पुस्तक मिटलं, पुन्हा त्यांच्यापुढं उघडलं नाही. तो पोरगा पुढं हिकमतीनं शिकतो, एवढं तरी अण्णांच्या कानावर घालायला हवं होतं. ते गेले तेव्हा त्यांना त्या गोष्टीतला नुसता बापच माहीत होता. अजून जीव चुटपुटतो.

जाऊ दे. रागानं लिहायला बसले खरी, पण तुझंही वय आहे. इंग्रजी झाडणाऱ्या पोरांत एकट्यानं बसायचं म्हणजे सोपं नाही, कळतं मला. दादाला यातलं अक्षर बोलले नाही. तो हल्ली फोन लावायच्या आधी वहिनीला विचारतो, “अभ्यासात असंल काय गं?” मग बराच वेळ फोन नुसता हातात धरून बसतो. एखाद्या दिवशी तूच लाव की. जिन्यातनं लावलास तरी चालंल.

शेंगदाण्याची चटणी आणि चिरमुरे त्या पोराबरोबर धाडतेय. त्याला काही बोलू नकोस. पैसे लागले तर मला कळव, दादाला नको. उरुसाला ये.

तुझी,
आत्या