अर्धी तलवार

गेल्या गणपतीत रत्नागिरीच्या घरी माळ्यावरून घंगाळ काढताना त्याच्यामागून डालड्याचा एक जुना डबा खाली आला. आत पत्त्यांतला जोकर, आर गंजलेला भोवरा, दुधी रंगाच्या चार मोठ्या गोट्या आणि तळाशी ही-मॅन. पाय दोन दिशांना, छातीवरचा पट्टा गायब, अंग हाताला चिकट. मऊ प्लास्टिकमध्ये मऊपणासाठी जे घालतात ते वर्षानुवर्षं बाहेर झिरपत राहतं, म्हणून जुनी खेळणी अशी चिकटतात. माझ्या अकरा वर्षांच्या मुलानं त्याचा वास घेतला आणि "ई" केलं. दादानंही वास घेतला. तो काही बोलला नाही.

पुढचे दोन दिवस आरत्या आणि पाहुणे सोडले तर आम्ही भावंडं त्या डब्याभोवतीच होतो. त्यातून हाती लागलं ते लिहिते आहे.

१. खेळणं आधी येतं, गोष्ट मागाहून.

दूरदर्शनवरचा ही-मॅन लोकांना आवडला म्हणून कुणीतरी त्याची बाहुली काढली, असंच मी वयाची तिशी उलटेपर्यंत धरून चालले होते. झालं होतं उलटं. अमेरिकेतल्या मॅटेल कंपनीनं १९७६ मध्ये ‘स्टार वॉर्स’ची खेळणी काढायला नकार दिला. पुढच्या वर्षी सिनेमा आला, तुफान चालला आणि ती खेळणी विकून दुसऱ्याच कंपनीनं पैसा केला. मग मॅटेलला स्वतःचा एक वीर हवा झाला. १९८२ मध्ये बाहुल्या दुकानात आल्या आणि कार्टून त्यानंतर, १९८३ मध्ये. फिल्मेशन नावाच्या स्टुडिओनं त्याचे १३० भाग काढले.

त्याचा तो हिरवा वाघ तर आणखी गमतीचा. मॅटेलकडे आधीच्या ‘बिग जिम’ नावाच्या मोठ्या बाहुलीसोबतच्या वाघाचा साचा पडून होता. ही-मॅनच्या मानानं तो वाघ अवाढव्य होत होता, म्हणून त्याच्यावर खोगीर चढवलं आणि रंग दिला हिरवा. आम्ही मात्र ही-मॅनच्या इटर्नियातले वाघ हिरवे का, यावर पेरूच्या झाडाखाली गंभीर चर्चा केली होती. दादाचं मत होतं की ते शेवाळ खातात.

म्हणजे ती सगळी जाहिरातच होती. हे कळलं तेव्हा एक दिवस राग आला. मग लक्षात आलं, आमच्यावर ती जाहिरात फुकटच गेली होती. वस्तू मिळायची ते दुकान एसटीच्या एका रात्रीवर होतं. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला १९९८ उजाडायचं होतं. ही-मॅन आमच्याकडे आला तो १९८९ च्या गणपतीत मुंबईच्या मामाच्या बॅगेतून, आणि तोही एकटाच. भारतात ‘लिओ’ या नावानं निघालेला. दादाला ही-मॅन आणि मला फ्रॉकचं कापड. कापड चांगलं होतं, असं आई अजून म्हणते.

२. दुसऱ्याच्या घरी टीव्ही बघायला बसणाऱ्यानं काम करावं.

टीव्ही शेजारच्या तात्यांकडे. चपला पायरीच्या खाली, पाय धुऊन आत, बसायचं जमिनीवर आणि काकू काय म्हणतील त्याला हो. अँटेना बांबूला बांधलेला होता. वारा आला की तो फिरायचा. माझं काम अंगणात उभं राहून तो धरायचं आणि आतून "आलं... गेलं... अगं, परत घे" असे हुकूम ऐकायचं. तेव्हा मी ही-मॅन पाहिला त्याहून ऐकला जास्त.

आणि वीज जायची. पावसाळ्यात तर हटकून. मग उरलेला भाग दादा सांगायचा. त्याच्या सगळ्या शेवटांत ही-मॅनचा शत्रू स्केलेटर मरायचा, कधी दरीत पडून, कधी आमच्याच खाडीतल्या मगरीच्या तोंडी. पुढच्या भागात तो परत यायचाच. "हा त्याचा भाऊ," असं दादा न अडखळता सांगायचा. स्केलेटर का मरत नव्हता हे आता कळतं. मेलेल्याची बाहुली कोण विकत घेणार? तरी असंही घडलं आहे. १९८६ च्या ‘ट्रान्सफॉर्मर्स’ सिनेमात रोबोंचा नायक ऑप्टिमस प्राइम याला मारून टाकला, कारण दुकानात नव्या रोबोंना जागा करायची होती. थेटरात पोरं रडली, मग त्याला पुन्हा जिवंत करावं लागलं.

३. धाकट्याच्या वाट्याला व्हिलन येतो.

यावर जास्त लिहायची गरज नाही; धाकट्यांना माहीत आहे. चुलीतला कोळसा तोंडाला फासून, तांदळाचं रिकामं पोतं पाठीवर घेऊन मी तीन वर्षं स्केलेटर होते. ही-मॅनला शी-रा नावाची जुळी बहीण आहे, तिलाही तलवार आहे आणि १९८५ पासून तिचं स्वतंत्र कार्टून आहे, हे मला त्या काळात कुणी सांगितलं असतं तर आमच्या घराचा इतिहास वेगळा झाला असता.

बाहुलीला हात लावायची परवानगी दिवसातून पाच वेळा. कंबर पिळून सोडायची, मग ती आपोआप फिरून ठोसा मारायची. पाच झाले की परत द्यायची. त्याचे गुडघे वाकत नव्हते. राजपुत्र कुणापुढे गुडघे टेकत नसतो, असं दादाचं स्पष्टीकरण. पाय आत रबरानं जोडलेले होते. ते रबर सैल पडलं तेव्हा बाबांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून घातला. तोच तुकडा आजही आत आहे.

आणि त्याच वर्षी मी त्याची तलवार विहिरीत पाडली. म्हणजे, मी पाडली असं ठरलं. मी रहाटाजवळ उभी होते, हे खरं. बाबांनी तीनदा गळ सोडून पाहिला. मला त्या संध्याकाळी जेवण उभ्यानं मिळालं.

४. बूमरँग घरी करू नये. केलंच तर कौलांकडे तोंड करून फेकू नये.

१९९३ मध्ये रविवारी ‘जंगल बुक’ सुरू झालं. गाणं गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाजचं, शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. मी अकरा वर्षांची होते आणि पहिल्यांदा मला जे व्हायचं होतं त्याला दादा नको म्हणू शकत नव्हता, कारण तो आता चौदाचा होता आणि त्याला मिशी येत होती. मी मोगली झाले.

मोगलीकडे बूमरँग होतं. किपलिंगच्या पुस्तकात ते नाही, तिथे त्याच्याकडे सुरी आहे. बूमरँग त्याच्या हाती दिलं ते १९८९ ची ही मालिका काढणाऱ्या जपानी निप्पॉन ॲनिमेशननं. मुंबईत जन्मलेल्या इंग्रजानं लिहिलेली मध्य भारतातल्या सिवनीच्या जंगलातली गोष्ट, चित्रं जपानची, हत्यार ऑस्ट्रेलियाचं, वाघ बोलतो नानांच्या आवाजात. त्यात आमच्याकडून भर पडली ती हापूसच्या पेटीची.

मे संपला की पेट्या रिकाम्या होत. त्यांच्या फळ्या हलक्या, पातळ, खिळे काढले की कोयत्यानंही तासता येतात. दोन फळ्या कोनात ठेवून सुतळीनं आवळल्या, वर सायकलवाल्याकडचं सोल्युशन ओतलं. एक अख्खी दुपार गेली. वर निळ्या शाईनं मोगलीचं नाव लिहिलं. संध्याकाळी अंगणाच्या टोकाला उभी राहून जीव खाऊन फेकलं.

ते परत आलं नाही. ते सरळ गेलं आणि तात्यांच्या पडवीवरची दोन मंगलोरी कौलं फोडून आत उतरलं. जून लागला होता. त्याच रात्री पाऊस आला आणि पडवीतल्या तांदळाच्या कणगीपर्यंत पाणी पोहोचलं. बाबांनी मला मारलं नाही. सकाळी शिडी लावली, मला खाली उभं केलं आणि दोन नवी कौलं वर द्यायला लावली. तात्या वरून पाहत होते. "परत येतं का गं ते?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "टीव्हीत येतं." तात्या म्हणाले, "टीव्हीत सगळंच परत येतं."

बूमरँगच्या दोन्ही हातांना विमानाच्या पंखासारखा आकार द्यावा लागतो, एक बाजू सपाट आणि एक फुगीर. ते उभं धरून फिरकी देऊन फेकायचं असतं. फिरताना वरचा हात हवेत जास्त वेगानं जातो, त्याला जोर जास्त मिळतो, आणि गरगर फिरणाऱ्या भोवऱ्यासारखं ते उलथण्याऐवजी वळत जातं. सपाट फळ्यांचं इंग्रजी व्ही परत येत नाही. हे मला बारावीच्या पुढे कळलं. तात्यांच्या पडवीवरची ती दोन वेगळ्या लाल रंगाची कौलं मात्र परवा-परवापर्यंत दिसायची.

५. केबलबद्दल मला फारसं सांगायचं नाही.

कार्टून नेटवर्क १९९५ मध्ये आलं. दिवसभर कार्टून, रात्री त्याच वाहिनीवर टीएनटीचे इंग्रजी सिनेमे. खूप पाहिलं. ‘स्वॅट कॅट्स’ फार आवडायचं. पण त्यातलं काहीही मी कधी हातानं केलं नाही, म्हणून की काय, त्या वर्षांतली एकही वस्तू डब्यात निघाली नाही. हा दोष कार्टूनचा नाही. मी दहावीला होते.

एक कबुली द्यायची आहे. पुण्यात पहिली नोकरी लागल्यावर, एकवीस-बावीसच्या वयात, मी चिप्सच्या पाकिटांतले पोकेमॉनचे टॅझो जमवायचे. पाकीट दाबून आतल्या चकतीचा अंदाज घ्यायचा आणि मग घ्यायचं. चिप्स ऑफिसात वाटायचे. सगळ्यांना मी दिलदार वाटायचे.

६. "आमच्या वेळी" हे शब्द निदान मुलांसमोर गिळावेत.

डब्यातला भोवरा बाबांनी हातात घेतला. बाबा आता अठ्ठ्याहत्तरचे. माझ्या मुलानं लगेच पिशवीतून बेब्लेड काढलं. मी सवयीनं तोंड उघडणार होते, पण मला एक माहिती आडवी आली. बेब्लेड जपानच्या टाकारा कंपनीनं १९९९ मध्ये काढलं, कार्टून त्याच्यानंतर आलं आणि त्याचं मूळ बेगोमा नावाच्या जुन्या जपानी भोवऱ्यात आहे. छोटा, ओतीव लोखंडाचा भोवरा. पिंपावर कापड ताणून बांधायचं आणि त्याच्या खोलगट भागात एकमेकांचे भोवरे बाहेर उडवायचे. म्हणजे तिथले आजोबाही कधीतरी "आमच्या वेळी" म्हणालेच असणार.

बाबांनी दोरी गुंडाळली. पहिल्यांदा भोवरा आडवा पडला. दुसऱ्यांदा देवघराच्या उंबऱ्यावर आपटला आणि आईनं आतून आवाज दिला. तिसऱ्यांदाही नाही. चौथ्यांदा तो असा लागला की हलतोय की नाही कळेना, नुसता गुणगुणत उभा. बाबांनी बोटांच्या बेचक्यातून तो तळहातावर घेतला. मुलगा म्हणाला, "आजोबा, परत." मग त्यानं बेब्लेड सोडलं आणि जमिनीवर उतरवलेल्या भोवऱ्याला दोन टकरींत उडवलं.

माझं मत विचाराल तर मारामारीला बेब्लेड सरस. दात्यांची पट्टी ओढली की पाच वर्षांच्या पोरालाही ते जमतं आणि खेळ लगेच सुरू होतो. भोवऱ्याला महिना जातो. महिना घालवायची ज्याची तयारी असेल त्यानं भोवरा घ्यावा.

७. जुनं खेळणं टाकताना एकदा विचारावं. नवं घेताना मात्र अपेक्षा कमी ठेवावी.

१९८७ मध्ये सुरू झालेल्या फनस्कूलच्या गोव्यातल्या कारखान्यात ‘जी. आय. जो’चे सैनिक बनायचे. अमेरिकेतल्या मूळ सैनिकांपेक्षा त्यांचे रंग वेगळे, काहींचे तर चमत्कारिकच. आम्हाला ते ‘डुप्लिकेट’ वाटायचे. आज त्याच विचित्र रंगांसाठी परदेशातले संग्राहक ते हौसेनं शोधतात. आमच्या ओळखीत किती घरांतून ते दिवाळीच्या साफसफाईत गेले असतील!

मी स्वतः दोन वर्षांपूर्वी स्केलेटर मागवला. मॅटेलनं २०२० पासून जुन्या धर्तीवर पुन्हा काढलेल्या मालिकेतला. त्याचे गुडघे वाकतात. कोपरं वाकतात. मी खोका उघडला, त्याला पाच वेळा हाताळलं आणि टेबलावर ठेवला. पाचच का, ते नंतर लक्षात आलं.

८. हरवलेल्या वस्तूची चौकशी उशिरा का होईना, करावी.

स्केलेटर मागवायच्या आधी मी संग्राहकांचं लिखाण पुष्कळ वाचलं, तिथे ही-मॅनच्या तलवारीबद्दल कळलं. पहिल्या बाहुल्यांची तलवार अर्धीच असायची, एका बाजूनं सपाट. दुसरी अर्धी स्केलेटरकडे. दोन्ही जोडल्या की एक होते. आमच्याही तलवारीची एक बाजू सपाट होती आणि ती कारखान्यातली चूक आहे असं आम्ही समजत होतो. मामाला पत्र लिहून तक्रार करायचीही ठरली होती.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी हे मी सगळ्यांना सांगत होते. मग विहिरीचा विषय निघाला. माझी चूक, बाबांचा गळ, उभ्यानं जेवण, सगळं पुन्हा एकदा झालं. दर दोन-चार वर्षांनी मे महिन्यात विहीर उपसतात. आजवर तीन कळश्या, एक चिमटा आणि पोहरे निघाले. तलवार नाही.

माझा मुलगा म्हणाला, "पण प्लास्टिकची होती ना? तरंगली असती."

कुणी काही बोललं नाही. बाबांनी चष्मा काढला. दादा डब्यात बघत होता. मग त्यानं त्या चार दुधी गोट्या काढून माझ्यासमोर जमिनीवर ठेवल्या.

"दहा घेतल्या होत्या गं तिच्या बदल्यात," तो म्हणाला. "सहा हरलो."