काढा बंद करा, इन्हेलर सुरू करा

“डॉक्टर, ते केमिकल अजून अंगात असेल का हो? रक्त शुद्ध करायला काय घेऊ?” खाण्यातल्या रंगाची किंवा प्रिझर्व्हेटिव्हची जोरदार रिॲक्शन येऊन गेलेला माणूस महिन्याभराने तपासणीला येतो, तेव्हा हाच प्रश्न विचारतो. पिशवीत बहुतेक वेळा कसल्याशा काढ्याची बाटली असतेच.

नसतं हो. सल्फाइट या प्रिझर्व्हेटिव्हचंच घ्या. शरीर त्याचं सल्फेट करतं आणि लघवीवाटे टाकून देतं. महिन्यानंतर धुऊन काढायला काहीही उरलेलं नसतं. ‘डिटॉक्स’वाले धुतात तो तुमचा खिसा.

दमा असलेल्या एक शिक्षिका माझ्याकडे येतात. दिवाळीत भेट आलेल्या सुक्या मेव्यातले केशरी जर्दाळू त्यांनी खाल्ले आणि थोड्याच वेळात त्यांची छाती आवळली. रुग्णालयात न्यावं लागलं, ऑक्सिजन लागला. जर्दाळूचा तो झळझळीत रंग टिकवायला सल्फर डायऑक्साइड, म्हणजे सल्फाइटचाच भाऊबंद, वापरतात. नुसता वाळवलेला जर्दाळू तपकिरी पडतो. हा वायू काही दमेकऱ्यांच्या श्वासनलिकांना झोंबतो. बाई बऱ्या होऊन घरी आल्या आणि मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ पाहून ‘सगळी केमिकल्स बंद’ करून बसल्या. त्यात इन्हेलरही बंद! माझ्याकडे आल्या तेव्हा एक जिना चढताना धाप लागत होती. ॲलर्जीने फुप्फुसं कायमची गेली, असं घरच्यांनी ठरवून टाकलं होतं. फुप्फुसं शाबूत होती, दमा मात्र मोकाट सुटला होता. बरंच बोललो मी त्यांना. इन्हेलर नियमित सुरू झाल्यावर त्या पुन्हा वर्गात उभ्या राहून शिकवू लागल्या. आटोक्यात नसलेला दमा हेच पुढची रिॲक्शन जिवावर बेतण्याचं एक मोठं कारण असतं, म्हणून एवढा संताप.

वेळेत उपचार मिळालेली बहुतेक माणसं पूर्ण बरी होतात. मेंदूला बराच वेळ ऑक्सिजन मिळाला नाही किंवा त्या गोंधळात हृदयाच्या रक्तवाहिन्या आकसल्या, तर कायमची इजा होऊ शकते, पण ते क्वचित. टिकून राहते ती ॲलर्जी. कोचिनील किड्यापासून काढलेला लाल रंग, म्हणजे कार्माइन, घ्या. त्यात किड्याची प्रथिनं राहतात आणि काहींचं शरीर त्यांच्याविरुद्ध आयजीई प्रतिपिंडं तयार करतं. रंग कधीच निघून जातो, पण ही सज्जता वर्षानुवर्षं टिकू शकते. पाकिटावर आयएनएस १२० दिसलं की अशा माणसाने ते पाकीट खाली ठेवावं. सल्फाइटचे आकडे २२० ते २२८. (अजिनोमोटोला लोक उगाच सगळ्यात जास्त घाबरतात. त्याच्यामुळे, म्हणजे ६२१ मुळे, खरी ॲलर्जी होते याला भक्कम पुरावा नाही.)

आता एक हट्टी गैरसमज. ‘अंगावर पित्त उठलं होतं, आमसुलाचं पाणी चोळलं, एविल घेतली, गेलं.’ नुसत्या गांधी असतील तर चालून जाईल. पण ओठ किंवा जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, श्वासात शिट्टी वाजू लागली, चक्कर आली, खाल्ल्यावर लगेच गांधींबरोबर उलट्या सुरू झाल्या, तर एविलच्या भरवशावर बसू नका. तिने खाज थांबते. बंद होत चाललेला घसा उघडत नाही, घसरलेला रक्तदाब चढत नाही. तिथे मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत ॲड्रेनलिनचंच इंजेक्शन लागतं, आणि लवकर लागतं. १०८ ला फोन करा. रुग्णाला आडवं झोपवा, पाय उंच ठेवा. धाप असेल तर बसू द्या, पण उभं करून चालवत नेऊ नका. बरं वाटलं म्हणून ‘आम्ही निघतो’ असा हट्टही नको. काहींना पुन्हा काहीही न खाता, काही तासांनी दुसरा झटका येतो. क्वचित दोन-तीन दिवसांनीही. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेत असाल तर आधीच सांगा, कारण त्यावर ॲड्रेनलिन कमी चालतं.

भीती मात्र खरोखर मागे राहते. लग्नाच्या पंगतीत ताटाकडे बघून छातीत धडधडतं. एका आईने मुलाचं खाणं वरण-भातावर आणून ठेवलं होतं. पोराचं वजन उतरलं. ही भीती नाटकी नसते. तिच्यावर समुपदेशनाने उपाय होतो, तो घ्यायला लाजू नका.

शेकडो पदार्थांची आयजीजी चाचणी किंवा केसांची तपासणी करून जाडजूड अहवाल आणू नका. त्यावरून ॲलर्जी ठरत नाही. त्यापेक्षा काय खाल्लं, किती वेळाने त्रास झाला, त्या दिवशी कुठली गोळी घेतली होती, एवढं कागदावर लिहून आणा. आणि ते पाकीट फेकलं नसेल, तर तेही आणा.