तिथी बघून निघा: हर्णै ते जयगड

दापोलीचं मुरुड आणि रत्नागिरीचं गणपतीपुळे सुट्टीत माणसांनी फुलून जातं. या दोहोंच्या मध्ये दाभोळ, वेलदूर, अंजनवेल, हेदवी, तवसाळ ही गावं आहेत. एकेकाळी इथल्या खाड्यांतून परदेशी गलबतं ये-जा करायची. आज तिथे मासेमारी चालते आणि बाहेरचा माणूस क्वचित थांबतो. हर्णैपासून जयगडपर्यंतचा हा पट्टा दोन मुक्कामांत छान होतो, फक्त आखणी भरती-ओहोटीवर करायला हवी.

त्यासाठी किनाऱ्यावरचा जुना हिशेब पाठ करा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून बंदरावरच्या एखाद्या तांडेलाला विचारून खात्री करून घ्या. मी शक्यतो पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास जातो. दुपारी उधाणाची भरती मिळते आणि संध्याकाळी चालायला लांबच लांब ओली पुळण.

पहिला दिवस हर्णैचा. सकाळी वारा पडलेला असतो, तेव्हाच होडीने सुवर्णदुर्ग गाठा. दुपारनंतर समुद्र खवळू लागतो. कान्होजी आंग्र्यांची सुरुवातीची कारकीर्द याच किल्ल्यावर गेली. पुढे १७५५ मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, आणि मराठी आरमाराच्या ऱ्हासाला तिथून वेग आला. पिण्याचं पाणी सोबत न्या आणि परतीची वेळ होडीवाल्याशी आधीच ठरवा. दुपार कलली की बंदरावर मासळीचा लिलाव सुरू होतो. तो जरूर पाहा, पण कडेला उभे राहून. बोली लागत असताना मध्ये मोबाइल धरून घुसणं म्हणजे कुणाच्या दिवसभराच्या कमाईच्या आड येणं. वाळत घातलेल्या जाळ्यांवर पाय देऊ नका, आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नका.

दुसऱ्या दिवशी दाभोळला मात्र सवड काढून थांबा. बहुतेक जण फेरीबोटीच्या रांगेतून गाव बघतात आणि पुढे जातात, याचं मला दरवेळी वाईट वाटतं. बहमनी आणि आदिलशाही काळात हे पश्चिम किनाऱ्यावरचं बडं बंदर होतं. अरबी घोडे इथे उतरायचे. पंधराव्या शतकात भारतात आलेला रशियन व्यापारी अफानासी निकितिन परतताना इथूनच होर्मुझकडे निघाला. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने शहर जाळलं, तरी ते पुन्हा उभं राहिलं. त्या वैभवाची खूण म्हणजे खाडीकाठची दगडी मशीद, स्थानिकांची ‘अंडा मशीद’. घुमट, मिनार आणि कमानींवरचं कोरीवकाम नीट बघायला तासभर तरी हवा. गावात चंडिकादेवीचं गुहेतलं मंदिरही आहे. आत समईचाच उजेड असतो, डोळे सरावेपर्यंत थांबा.

दाभोळहून धोपाव्याला फेरीबोट जाते, गाडीसुद्धा चढते. वाशिष्ठीची खाडी अशी ओलांडली नाही तर चिपळूणवरून मोठा वळसा पडतो. एसटीने फिरणाऱ्यांनी पलीकडच्या बसची वेळ आधी विचारून ठेवावी. अंजनवेलचा गोपाळगड तुळाजींनी १७४५ मध्ये सिद्दीकडून घेतला. त्याचा जमिनीकडचा खंदक आजही स्पष्ट दिसतो. तिथून टाळकेश्वराच्या दीपगृहापर्यंत चालत जा. ‘दाभोळचा’ म्हणून गाजलेला वीजप्रकल्प खरं तर खाडीच्या याच काठावर आहे.

दुसरा मुक्काम गुहागरला. तिसऱ्या दिवशी हेदवीला भरतीच्या वेळेआधी पोचा. बामणघळ ही कातळातली अरुंद भेग आहे. उधाणाचं पाणी तीत कोंडतं आणि मोठा आवाज करत उंच उसळतं. हे बघावं ते लांबूनच. ओला, शेवाळलेला कातळ पायाखालून निसटतो आणि मोठी लाट सांगून येत नाही. मुलं सोबत असतील तर हात सोडू नका.

तवसाळहून शास्त्री नदीच्या मुखावर दुसरी फेरीबोट मिळते, ती जयगडला उतरवते. जयगडच्या बाजूला आता मोठं बंदर आणि वीजप्रकल्प आहे, त्यामुळे निवांतपणा शोधणाऱ्याचा थोडा हिरमोड होतो. किल्ला मात्र चुकवू नका. तट भक्कम आहे, बुरुजावरून खाडीचं मुख पूर्ण दिसतं, आणि किल्ला उभा राहावा म्हणून स्वतःला चिणून घेतलेल्या जयबाची कथा इथे अजून सांगितली जाते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, बंदरं सुनी असतात आणि पावसाळी समुद्रात सुवर्णदुर्गाला होडी जात नाही. जेवण आधी सांगून ठेवा. त्या दिवशी जी मासळी लागली असेल तीच ताटात येईल, पापलेटचा हट्ट धरू नका. रोख पैसे जवळ असू द्या. आणि दोन्ही खाड्यांवर पोचल्याबरोबर शेवटची फेरीबोट किती वाजता सुटते, ते आधी विचारा.